लिस्बेतचं वाचन

आमच्या डोंगरात जून म्हणजे ऐन थंडी, पण तो निम्मा सरला तरी यंदा हिव पडायचं नाव घेत नव्हतं. बारके बटाटे पठारावर पसरून आम्ही वाट बघत बसलो होतो. हिवानं बटाटा गोठतो, सकाळच्या उन्हात मऊ पडतो, मग अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं आणि वाळवायचं. त्याला आम्ही चुन्यो म्हणतो. चुन्योचं पोतं घरात असलं की वर्षभर चुलीला काळजी नसते. पण यंदा रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं, रात्री उबारा राहायचा, आणि सकाळी बटाटा टणक तो टणकच. माझा नवरा तेओदोसियो रोज एक बटाटा उचलून दाबायचा आणि माझ्याकडे असं बघायचा, जणू हिव मीच कुठं लपवून ठेवलंय.

आमच्या पसाऱ्याला लागून माझ्या धाकट्या जावेचा पसारा होता. नेलिदा तिचं नाव. मध्ये फक्त गुडघाभर उंच दगडांची एक ओळ. तिचे बटाटे मला आमच्यापेक्षा जास्त दिसायचे. खोटं कशाला बोलू, तिचं सगळंच मला जास्त दिसायचं. तिच्या घरावर पत्रा होता आणि माझ्या घरावर गवत. तिच्या मेंढ्यांना जुळी व्हायची. सासूनं मरताना हात धरला तो तिचा, मी पायाशी बसून राहिले. बरं, ती आली कुठून? आई नाही, बाप नाही, दुसऱ्याच्या चुलीवर वाढलेली पोर. पण त्याच दुसऱ्याच्या घरी राहून ती चार इयत्ता शिकली होती. मी मेंढ्यांमागं गेले ती गेलेच.

मार्चमध्ये शाळेत टॅब आले तेव्हा पहिली ठिणगी पडली. पर्सी मास्तर समुद्राकडचा, तरुण पोरगा. एकटाच सत्तावीस पोरांना शिकवायचा, सहाही इयत्ता एका खोलीत. त्यानं सगळ्या पालकांना बोलावलं आणि सांगितलं, आता पोरं टॅबवर धडा वाचतील, गणितं सोडवतील, आणि यंत्रच ते तपासून चांदण्या देईल. वहीवर लाल शाई बंद. मग त्यानं दोन नियम वाचून दाखवले. एक, जे आपण केलं नाही ते आपल्या नावानं पाठवायचं नाही. दोन, दुसऱ्याचा आवाज, दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही. तो म्हणाला, जसं दुसऱ्याच्या वाफ्यातून चालत जाताना आपण हाक मारतो, तसंच हे. सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला काय जातं?

नियम मान्य आहेत म्हणून काचेवर अंगठा लावायचा होता. माझा अंगठा काच घेईना. वर्षानुवर्षं माती, राख आणि गार पाणी, अंगठ्यावर भेगाच भेगा. मास्तरनं रुमालानं पुसला, मग कसल्या तरी औषधानं पुसला, ते भेगांत झोंबलं. काच काही ओळखेना. मागं रांग खोळंबली. तेवढ्यात नेलिदा पुढं झाली.

“थांब अक्का, मी लावते. घरातलंच हाय की.”

तिनं माझ्या पोरीच्या, मारिलुसच्या नावापुढं आपला अंगठा टेकवला आणि टॅब लगेच किणकिणला. बायका हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या, पण हसल्या. तो अंगठा मी घरी येऊन चुलीपाशी बराच वेळ बघत बसले.

आता खरी गोष्ट सांगते. आमची शाळा सहावीपर्यंत. पुढची शाळा तीन तासांच्या वाटेवर, नदी ओलांडून. मुली तिथवर जात नाहीत; मेंढ्यांमागं जातात आणि सतराव्या वर्षी कुणाच्या तरी घरी जातात. यंदा मात्र प्रांताच्या गावी मुलींचं वसतिगृह निघालं होतं. खाणंपिणं, पुस्तकं सगळं तिथलं. आमच्या शाळेतून एक मुलगी घेणार होते, एकच. जिच्या चांदण्या जास्त ती जाणार, आणि नाव जूनअखेरीस कळवायचं होतं.

सहावीत मुली दोनच, माझी मारिलुस आणि नेलिदाची लिस्बेत. लिस्बेतच्या चांदण्या तीनने जास्त होत्या.

तीन! एकदा मी मारिलुसला विचारलं की तिच्या तीन जास्त कशा. ती मेंढीच्या केसांतली कुसळं काढत होती. वाचनात आल्यात, म्हणाली.

“मग तू वाच की नीट. जीभ काय गहाण ठेवलीयस?”

“वाचते की आई,” ती म्हणाली आणि मान खाली घालून गालातल्या गालात हसली. ते हसू मला तेव्हा समजलं नाही.

मास्तर तर उठता बसता लिस्बेतच्या वाचनाचं कौतुक करायचा. पोर वर्गात लाजते, तोंडातल्या तोंडात बोलते, पण यंत्र सांगतंय, घरी टॅबवर कशी खणखणीत वाचते, असं तो पालकांच्या गटावर बोलून पाठवायचा. गावातल्या बावीस फोनांवर ते कौतुक वाजायचं. माझ्या मारिलुसचं गणित चांगलं होतं, पण त्याबद्दल तो एवढंच म्हणायचा की वर्गात घाई करते, घरी नीट करते.

आमच्याकडे आयनी चालते, म्हणजे सावडच. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. तिच्या दोन गोष्टी पोरांना आईच्या दुधाबरोबर कळतात. दुसऱ्याच्या शेतात आपल्या शेतापेक्षा नीट राबायचं, कारण तिथं आपली लाज पणाला लागलेली असते. आणि सावड कधी पुरी फेडायची नाही. एखादा दिवस कुणाकडे तरी राहू द्यायचा. पुरी फिटली की येणं-जाणं संपलं, असं म्हातारी माणसं सांगतात. त्या वेळी माझा एक दिवस नेलिदाकडे होता; मे महिन्यात मी तिच्या शेवटच्या ओळीतले बटाटे काढून दिले होते. एवढं सगळं पोटात असूनही सावड कधी चुकली नव्हती. जळायचं आपल्या चुलीपाशी, काम करायचं शेतात.

शाळेवरची थाळी एप्रिलच्या वाऱ्यानं पडली, तेव्हापासून गावात रेंज नव्हती. रेंज मिळायची ती फक्त तीन दगडांपाशी, वरच्या खिंडीत. तिथं जाणारा-येणारा डोंगरदेवाला एक खडा वाहतो, त्या खड्यांच्या ढिगाशी फोनला जीव यायचा. म्हणून ज्याची मेंढ्यांची पाळी असे तो पोरांचे टॅब पाठीवरच्या शालीत बांधून वर न्यायचा. टॅब तिथं आपोआप पोरांचा अभ्यास पाठवायचे. त्या मंगळवारी पाळी माझी होती. शालीत दोन टॅब, मारिलुसचा आणि लिस्बेतचा, आणि कमरेला तेओदोसियोचा फोन.

खिंडीत वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. मी ढिगावर खडा टाकला, कोकाची पानं दाढेखाली धरली आणि टॅब दगडाच्या आडोशाला उघडले. दोन्हींवर हिरवी रेघ सरकायला लागली. लिस्बेतच्या टॅबवर ओठांचं चित्र होतं, वाचनाचं. मला वाचता येत नाही, पण चित्र कळतं. म्हटलं, बघू तरी, कसलं एवढं सोनं उधळते ही. अंगठा लागत नव्हता म्हणून बोटाच्या पेरानं दाबलं.

आवाज आला आणि मी दगडासारखी बसले. धडा कुठल्यातरी नदीचा होता. वाचणारी पोर शब्द न शब्द मोकळा सोडत होती, पूर्णविरामाला थांबत होती, प्रश्नाला सूर चढवत होती. पण ती लिस्बेत नव्हती. तो आवाज मी बारा वर्षं ऐकत होते. आणि मागं डुग डुग डुग, माझ्या चुलीपुढचा वाटायचा दगड. त्या दगडाला एका बाजूनं टवका गेलाय, तो तिसऱ्या झोक्याला अडखळतो. अडखळला. मग एक बाई कोंबडीवर ओरडली, “हुश, मेले, पिठात पाय घालतीस?” ती बाई मी होते.

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. पोरीचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो आनंद, आणि तोही चांगला नाही. दुसऱ्याची चोरी सापडल्यावर होतो तसला. चार महिने गावभर मिरवलेलं लिस्बेतचं वाचन माझ्या पोरीचं होतं. त्या तीन चांदण्या माझ्या घरातल्या होत्या. माझ्या भोळ्या पोरीला गोड बोलून त्या मायलेकींनी नांगराला जुंपली होती. मनात नेलिदाचा तो गुळगुळीत अंगठा आला.

मास्तरला जाऊन हळूच सांगता आलं असतं. पण मला हळूच नको होतं. बावीस फोनांवर कौतुक वाजलं होतं ना, मग खरंही बावीस फोनांवर वाजू दे. मला लिहिता येत नाही, पण बोलून पाठवता येतं. मी फोन काढला, पेरानं बोलायचं चित्र दाबून वर सरकवलं, तसं केलं म्हणजे धरून बसावं लागत नाही, आणि आधी चार शब्द बोलले.

“ऐका सगळ्यांनी. ही लिस्बेत न्हाई. ही माझी मारिलुस हाय. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं. कान असतील तर ओळखा.”

मग टॅबवर वाचन पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि फोन त्याच्या तोंडाशी ठेवला. तेवढ्यात दोन मेंढ्या शेजारच्या बार्लीत शिरलेल्या दिसल्या. बार्ली गावच्या पुढाऱ्याची, एक तोंड लागलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी गोफण फिरवत धावले. मेंढ्या हाकून, धापा टाकत परत आले तोवर टॅब गप्प झाला होता. फोन अजून ऐकतच होता. मी पेर टेकवलं. सूं करून ते गेलं.

उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी येऊन मी मारिलुसला जास्तीचं चीज वाढलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

बुधवारी पुढाऱ्याची बायको मेंढ्या घेऊन वर गेली, आणखी तिघी गेल्या, दुपारी मास्तर गेला. संध्याकाळी पाणवठ्यावर मी गेले तर बायका बोलत होत्या त्या थांबल्या. मला वाटलं, नेलिदाची लाज वाटतेय त्यांना. मी ताठ मानेनं हंडा भरला.

गुरुवारी मास्तरनं शाळेत बोलावलं. मी सणाचा घागरा नेसून गेले. फळ्यापाशी दोन्ही मुली उभ्या होत्या, एकमेकींची करंगळी धरून. नेलिदा आणि माझा दीर सांतोस भिंतीशी बसले होते. नेलिदा जमिनीकडे बघत होती. मी मनात म्हटलं, बघ आता जमीन.

मास्तर म्हणाला की आपण सगळ्यांनी एकदा पूर्ण ऐकू. त्यानं आपला फोन टेबलावर ठेवला. माझे चार शब्द आले. मग नदीचा धडा, वाटायचा दगड, कोंबडी. मी तेओदोसियोकडे बघितलं, बघ, म्हणून. धडा संपला. मला वाटलं, आता मास्तर बंद करेल. त्यानं केलं नाही. पोर वाचन झाल्यावर टॅब बंद करायला विसरली होती. वाटायचा दगड थांबला, आणि त्या गप्प खोलीत मी बोलायला लागले. माझाच आवाज, पण कुणी कडू पान चावून थुंकावं तसा.

“तुझ्या भावाच्या बायकोला सांग, पत्रा हाय म्हणून उडू नको. तिला हाय कोण? ना आई, ना बाप. मी हाय म्हणून तिच्या शेतात माणूस दिसतं. उद्या मी न्हाई म्हटलं तर कुत्रं यायचं न्हाई तिच्या सावडीला.”

मग तेओदोसियोचा आवाज, जेवू दे म्हणणारा. मग कोंबडी. मग संपलं.

आमच्या भाषेत गरीब आणि पोरका याला एकच शब्द आहे. ज्याच्याकडे सावडीला कुणी नाही तो पोरका. याहून वाईट कुणाला काही म्हणता येत नाही. आणि ते मी बावीस फोनांवर, माझ्या हातानं, माझं नाव आधी सांगून पाठवलं होतं. नेलिदा जमिनीकडे का बघत होती ते मला तेव्हा कळलं. ती माझ्यासाठी बघत होती. माझ्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून.

मास्तरनं माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यानं मुलींना विचारलं, हे किती दिवस चाललंय.

“मार्चपासनं,” मारिलुस म्हणाली.

“म्हणजे लिस्बेतनं तुझं वाचन चोरलं?”

“चोरलं न्हाई मास्तर. सावड केली. मी तिचं वाचन करायचे, ती माझी गणितं करायची.”

मास्तर टेबलाची कड धरून उभा राहिला. मी म्हणाले, हे खोटं आहे, गणितं माझ्या पोरीची आहेत. मास्तरनं खडू घेऊन फळ्यावर एक भागाकार मांडला आणि खडू मारिलुसपुढं धरला. तिनं तो घेतला. फळ्यासमोर उभी राहिली, एक आकडा लिहिला, पुसला, परत तोच लिहिला. तिच्या मानेवरचे बारीक केस घामानं चिकटलेले मला दिसत होते. लिस्बेतचे ओठ हलत होते, तिला उत्तर येत होतं. मी माझ्या सणाच्या घागऱ्याची कड मुठीत धरली.

मास्तरनंच मग खडू काढून घेतला. त्यानं विचारलं की दोघींनी एकमेकींचं केलं तर चांदण्या सारख्या यायला हव्या होत्या, लिस्बेतच्या तीन जास्त कशा. मारिलुसला प्रश्नच कळेना.

“दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा नीट करायचं असतंय की. माझं मी एकदा वाचायचे. तिचं तीनदा वाचून मग द्यायचे.”

लिस्बेत पहिल्यांदाच बोलली, अडखळत, शब्द गिळत. “मी पन. पन गनित… गनित बरोबर असलं की बरोबरच असतंय. जास्त बरोबर करता येत न्हाई.”

सांतोस हसला आणि लगेच गप्प झाला. मास्तर खुर्चीत बसला. त्याचं वय मला त्या दिवशी दिसलं, पंचवीसही नसेल. तो म्हणाला की चूक त्याचीही आहे, चार महिने त्यानं यंत्राला ऐकू दिलं आणि स्वतः ऐकलं नाही. मुली त्याच्याकडे आल्या असत्या तर त्यानं दोघींना समोर बसवून पुन्हा परीक्षा घेतली असती आणि कुणाला कळलंही नसतं. पण पालकांच्या गटात जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतल्या बाईही होत्या. त्यांनी ऐकलं होतं. एकाच आवाजातली दोन वाचनं म्हणजे दोन्ही नावं रद्द, असा त्यांचा नियम होता. काल त्यानं खिंडीत उभं राहून तासभर विनवण्या केल्या. जागा नदीपलीकडच्या गावातल्या मुलीला गेली.

“गटावरनं तरी काढून टाका ते मास्तर,” मी म्हणाले. 

“माझ्या फोनवरून काढलं. बाकीच्यांकडून कसं काढू, एपिफानिया? मुलींनी पहिला नियम मोडला, कारण त्यांना तो कळला नव्हता. दुसरा तुम्ही मोडलात.”

त्यावर मान हलवायचंही मला सुचलं नाही. वाटेत मारिलुस माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. मी हाक मारली तर तिनं वेग वाढवला.

आणि शुक्रवारी आभाळ निवळलं. दुपारीच गार सुरी फिरावी तसा वारा सुटला, सगळ्यांना कळलं की आज हिव पडणार. एका रात्रीत बटाटा गोठला की सकाळी तुडवणी करावीच लागते. उन्हानं तापला आणि तसाच राहिला तर काळा पडून सडतो. आमचा पसारा दोन माणसांचा नव्हता. मी शालीत कोकाची पानं बांधली आणि सावडीचं आवतण द्यायला निघाले. पानं घेतली की माणूस येतो, ही रीत.

पुढाऱ्याच्या बायकोनं सांगितलं, उद्या मेंढ्यांना औषध पाजायचंय. तिच्या शेजारणीचं कंबरडं धरलं होतं. तिसऱ्या घरी नवरा म्हणाला बायकोला विचारतो, आत गेला आणि परत आलाच नाही. कुणी मला बोल लावला नाही, दारात उभं ठेवलं एवढंच. सात घरं झाली. पानं होती तेवढी परत आणली.

सकाळी पठार पांढरं झालं होतं. इतकं सुरेख हिव दहा वर्षांत पडलं नसेल. बटाटे दगडासारखे वाजत होते. ऊन डोंगरावरून खाली उतरत आलं तशी माणसंही आली. औषध पाजणारी, कंबर धरलेली, बायकोला विचारायला गेलेला, सगळी. ती दगडांच्या ओळीपलीकडे गेली. मी मोजली, अकरा. नेलिदानं कुणालाही पानं दिली नव्हती. ती तोंडाला शालीचा पदर लावून उभी होती, आणि माणसं चपला काढून तिच्या ढिगांवर चढत होती. कुत्रं यायचं नाही म्हणाले होते ना मी. पुढाऱ्याचं कुत्रंही आलं होतं.

ओळीच्या अलीकडे आम्ही तिघं. तेओदोसियो बोलत नव्हता, मारिलुस बोलत नव्हती. बटाटा उन्हानं सुटायला लागला की ढीग करून त्यावर चढायचं, टाचेनं दाबत गोल फिरायचं. साल फाटते, तपकिरी पाणी बोटांमधून येतं, इतकं गार की घोट्याच्या वर कळ चढते. मग पाय आपला राहत नाही. एका ढिगावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पलीकडून हसणं यायचं, चिचा, म्हणजे मक्याची दारू, पिऊन कुणीतरी गाणं धरलं होतं. मी तुडवत होते आणि जळत होते. लाज होती, पण खरं सांगते, लाजेच्या वर हेवाच तरंगत होता. अकरा माणसं! मला आयुष्यात सात मिळाली नव्हती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आमचे निम्मे ढीग अजून तसेच होते आणि कडेचे मऊ पडून घामेजायला लागले होते.

तेव्हा नेलिदा ओळ ओलांडून आली. तिचा पसारा झाला होता, माणसं जेवायला बसली होती. तिनं टायरच्या चपला काढून दगडावर ठेवल्या, घागरा खोचला आणि कडेच्या, सर्वांत मऊ पडलेल्या ढिगावर चढली.  मी घरात जाऊन मेंढीच्या मटणाचा रस्सा वाटीत घालून आणला. तिनं नको म्हणून मान हलवली. तिनं आपल्या फडक्यात उकडलेले बटाटे आणले होते, ते तिनं उभ्यानंच खाल्ले. मी चिचाचा पेला पुढं केला, तो तिनं घेऊन जमिनीवर ठेवला. सावडीला येऊन आपल्या घरचं खाणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि तुडवलं कसं म्हणाल, तर एकेक बटाटा. तिच्या ढिगात एक साल अंगावर राहिली नाही, एक थेंब पाणी राहिलं नाही. मी चार ढीग केले तेवढ्यात तिनं सहा केले. ती शिवी देईल म्हणून मी सकाळपासून वाट बघत होते. दिली असती तर मी उलटून दिली असती, दोघी रडलो असतो, गावानं सोडवलं असतं. तिनं मला तेवढंही दिलं नाही.

सगळे ढीग संपले तेव्हा ऊन पश्चिमेच्या खडकांवर होतं. तिच्या टाचा फाटून लाल झाल्या होत्या. ती चपला घालायला बसली.

“माझ्याकडं तुझा एक दिवस व्हता अक्का,” ती म्हणाली. “फिटला.”

“असू दे की गं थोडा. दिवस मावळायचाय अजून. तू तर दुपारी आलीस, अर्धाच झाला.”

“अर्ध्यात पुरा केलाय. बघ ढीग.” तिनं बघितलं ते ढिगांकडे, माझ्याकडे नाही. “आता तुझं माझ्याकडं काय न्हाई, आन् माझं तुझ्याकडं काय न्हाई.”

ती ओळ ओलांडून गेली. भरलेला पेला तिथंच होता. तेओदोसियोनं तो उचलला, धरणीमातेला म्हणून जमिनीवर ओतला आणि घरात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगणात बसून पायांना चरबी चोळत होते. टॅब दोन्ही शाळेत जमा झाले होते. दगडांच्या ओळीपाशी लिस्बेत येऊन उभी राहिली, हातात कागदाची वही. मारिलुस तीन दिवसांत माझ्याशी बोलली नव्हती. ती उठली आणि निघाली. मी विचारलं, कुठं.

“लिस्बेतचा एक धडा माझ्याकडं राहिलाय.”

“आता कसला धडा? नावं तर काढली दोघींची.”

“म्हनून काय झालं? राहिलाय.”

दोघी ओळीवर बसल्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. लिस्बेतनं वाचायला घेतलं. तोच नदीचा धडा. ती शब्द गिळत होती, पूर्णविराम ओलांडून जात होती, मारिलुस तिला थांबवायची आणि ती परत मागून यायची. एक ओळ तिनं पाच वेळा वाचली. सहाव्यांदा ती नीट आली, आणि दोघी अशा हसल्या की पलीकडे दारात नेलिदानं मान वर केली. मीही केली. आमची नजर भेटली नाही.

मी पत्र्याचा हेवा केला, मेंढ्यांचा केला, सासूच्या हाताचा केला, तीन चांदण्यांचा केला, अकरा माणसांचा केला. पण त्या सकाळी फुटलेल्या टाचा हातात धरून बसले असताना जो वाटला तसा कधी वाटला नव्हता, आणि तो माझ्याच पोरीचा होता. धडा संपत आला तशी तिनं वही मिटली आणि लिस्बेतला म्हणाली, उरलेलं उद्या.